तिन्ही मशीन एकाच डिस्कवर

अर्जुनी मोरगाव
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मामा,

तुमच्या भाचीचा नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी फोन बघायला मनाई केली आहे, म्हणून पत्र लिहिते. भूपेंद्र भाऊजी उद्या सकाळच्या गाडीने नागपूरला, तुमच्याकडे आणि नीतूताईकडे, परततील, त्यांच्याच हाती देते. नीतूताई, तू वाचून दाखव. मामा रागावले तरी मधलं काही गाळू नकोस.

इकडे सगळे बरे. आईने नवा तांदूळ पाठवला आहे. तुमची म्हैस आमच्या गोठ्यात रुळली, पण दूध काढायला बसलं की मान वळवून मामीलाच शोधते. कापणी जोरात आहे. धान विक्रीच्या नोंदणीसाठी आपल्या सहकारी संस्थेत सकाळपासून रांग असते.

मशीन चालू आहे.

चालू आहे, पण मी तिच्याजवळून उठत नाही. दर थोड्या वेळाने हात लावून बघते, फार तापली तर नाही ना. पंख्याचा आवाज जरा बदलला तरी हातातलं काम टाकून कान लावते. काल सकाळी लाइन गेली, आली, परत गेली, आणि त्यानंतर मशीन चालूच होईना. ती परत सुरू झाल्यावर हे तुम्हाला मी फोनवर सांगितलं होतं. पण त्यातलं खरं भय तुम्हाला कळलं नाही, कारण मी ते नीट सांगितलंच नाही. लाज वाटली.

आता सांगते. तुमच्या पानाच्या डब्याहून थोडी मोठी ती मिनी पीसी. तिच्यात मी आधी हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. ते एकाच मशीनच्या पोटात अनेक मशीन चालवतं. मी तीन केल्या. एकीवर धानाची नोंदणी, दुसरीवर संस्थेचं बाकी काम आणि तिसरीवर या दोघींची रोजची कॉपी. सभेत सचिव केशोराव काका म्हणाले होते, "अन् हे डबडं बंद पडलं तं?" मी ताठ मानेने म्हटलं, "काका, कॉपी वेगळ्या मशीनवर असते." तेव्हा तुम्ही अध्यक्षाच्या खुर्चीत मांडीवर थाप मारून म्हणालात, "आयकलं? आमच्या घरची पहिली ग्रॅज्युएट हाय!"

मामा, ती मशीन वेगळी नव्हती. स्क्रीनवर तीन दिसतात, पण तिन्ही एकाच डिस्कवर आहेत. बियाण्याचं धान वेगळं ठेवलं म्हणायचं आणि ठेवायचं त्याच ढोलीत, मध्ये फक्त एक फळी टाकून, असं मी केलं. काल तिन्ही एकदमच गेल्या, तेव्हा कळलं. बऱ्याच खटपटीनंतर सुरू झाल्या. कोणाला पत्ता लागला नाही. दुपारी बाहेरची डिस्क आणून सगळं उतरवायला घेतलं, तर कॉपी अर्ध्यात थांबते. मशीनची डिस्क काही भाग वाचतच नाही. कधी पूर्ण जाईल सांगता येत नाही.

शेतकऱ्यांच्या जमिनीच्या, खात्यांच्या मागच्या सगळ्या हंगामांच्या नोंदी आता धड कुठे असतील, तर या मशीनने ज्यांची जागा घेतली त्या जुन्या तीन कॉम्प्युटरांवर. आणि सोमवारी नारळ फोडून ते शाळेला द्यायचे, त्याआधी पुसून कोरे करायचे, हा शब्द तुम्ही दिलेला.

तुम्ही फोनवर म्हणालात, "चालू झाली ना? मंग कायले बोंबलून राहिली? सोमवार निघू दे. माही इज्जत तुह्या हाती हाय." मी "हो मामा" म्हटलं.

तो "हो" मी पाळला नाही.

आज सकाळी केशोराव काकांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. "ग्रॅज्युएट पोरगी ठेवली, अन् तेच मशीनले भिऊन राहिली!" मग कॉपी कुठे थांबते ते दाखवलं, तेव्हा हसू थांबलं. म्हणाले, "तुह्या मामाले, टेकचंदले इचारलं का?" मी म्हटलं, "नाही. चूक माझी आहे, मीच सांगते." रांगेतल्या लोकांनीही ऐकलं. कोणीतरी मागून बोललं, "मामानं चढवली, भाचीनं पाडली."

शाळेतही मीच गेले. पोरी स्वागताचं गाणं बसवत होत्या. निर्मला मॅडमना म्हटलं, सोमवारी कॉम्प्युटर मिळणार नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "टेकचंदभाऊ असे शब्द फिरवणारे नाहीत." मी म्हटलं, "त्यांनी नाही फिरवला, मी फिरवला." बाहेर आले तरी गाणं चालूच होतं.

आता जुन्या कॉम्प्युटरांच्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली केशोराव काकांकडे. तुमचा एक फोन आला तर ते कुलूप उघडतील. ते मला तसं बोललेही. म्हणून विनवते, फोन करू नका. नवी डिस्क येऊ दे, सगळं त्यावर चढवून, उघडून, तपासून बघू दे. मग मी स्वतः ते कॉम्प्युटर शाळेत नेऊन देईन. या कामावर मला ठेवायचं की नाही, ते तुम्ही आल्यावर सभेत ठरवा. मी वाद घालणार नाही.

मी शिकले ते तुम्ही बाबांशी भांडलात म्हणून. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर आजही गप्प बसणं सोपं गेलं असतं.

आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाचीने पडायचं नसतं. त्यामुळे पाय धरून माफी मागायची वाटसुद्धा मला नाही. तुम्ही घरी याल तेव्हा रीतीप्रमाणे वाकू नका, मामा. माझ्याकडे नुसतं बघितलंत तरी पुरे.

तुमच्या शब्दाबाहेर गेलेली,
दुर्गेश्वरी