परत आलेलं पार्सल

३ फेब्रुवारी
सुलभा आली होती, वालावलची. सात वर्षांपूर्वी हिच्या मुलीची केस आमच्या ठाण्यात नोंदली, तेव्हा मी तिथे हवालदार. आता मी पेन्शनर, आणि ती अर्ज घेऊन गावोगाव फिरते. बलात्काराच्या केसमधले नमुने लॅबमध्ये वर्षानुवर्षं पडून आहेत, सरकारने तपासणीला पैसे द्यावेत, माणसं भरावीत. "माज्या चेडवाचो रिपोर्ट थंयच अडकलो, दादा. मशिनी नाय, माणसां नाय, तेनी तरी काय करूचा?" सही केली. तारीख चुकीची घातली. म्हटलं, वय झालं. खोटं.

५ फेब्रु.
कसाल बाजारात तिच्यासोबत सह्या. मला ओळखतात म्हणून लोक मुकाट देतात. 'तो', केसमधला आरोपी, जामिनावर सुटलेला, समोरच्या टपरीवर निवांत चहा पीत होता. रिपोर्ट नाही म्हणून कोर्टात तारखेवर तारीख. सुलभा त्याच्याकडे पाठ करून पुढच्या दुकानात शिरली. मला मान वर करवेना.

६ फेब्रु.
लिहूनच टाकतो. सुलभाच्या मुलीच्या नमुन्यांचं पार्सल लॅबने घेतलंच नव्हतं. मीच नेलं होतं मुंबईला. पार्सलावरच्या लाखेच्या सीलचा नमुना कागदांना जोडला नव्हता म्हणून लॅबच्या खिडकीवरून परत दिलं. ठाण्यात आलो, दुसऱ्या दिवशी चतुर्थी. मुद्देमालाच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवलं आणि गणपती आणायला घरी पळालो. सण झाला की बघू. सण झाला, लगेच बदलीची ऑर्डर. रजिस्टरात 'रवाना' होतंच, 'परत आले' लिहायचं राहिलं. राहिलं कसलं! मेमो मिळेल म्हणून लिहिलं नाही. नंतर वाटायचं, नव्या माणसाने पाठवलं असेल. कधी विचारलं नाही. मेल्या, एक फोन केला असतास तर...

९ फेब्रु.
बायकोला सांगितलं. "आता बोललात तर पेन्शनीवर येतला. आणि सरकार म्हणतला, बघा, पैशाचो प्रश्नच नाय, पोलिसांचो घोळ." दुसरं खरं आहे. बाकीच्या मुलींचे नमुने खरोखरच लॅबमध्ये तुंबलेत, त्यांचं काय? पण १६ला ओरोसला कलेक्टर ऑफिसात या अर्जावर बैठक. सुलभा सगळ्यांसमोर स्वतःच्या मुलीचंच उदाहरण देणार. आणि मी शेजारी बसणार, साळसूद.

११ फेब्रु.
वालावलला गेलो. सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, थांबली. "मगे आता ता खंय आसा?" माहीत नाही म्हटलं. "सात वर्सां मी लॅबवाल्यांका गाळी घातलंय." आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. रडली असती तर बरं झालं असतं. खळ्यातून बाहेर पडताना पाठून म्हणाली, "सोळाक येवा. पैशाचा मी सांगतलंय. ह्या तुमी सांगा." हो म्हटलं की नाही, आठवत नाही.

१६ फेब्रु., सकाळ
बायको बोलत नाही. इस्त्रीचा शर्ट मात्र काढून ठेवलाय. आत्ता सुलभाचा फोन. "चेडू पण येता."
एवढंच. ठेवला.
तक्रार नोंदवली त्या दिवसानंतर मुलीला मी पाहिलेलं नाही. कॉलेजात होती. ठाण्यातल्या बाकावर, ओढणीचं टोक मुठीत धरून. मीच म्हणालो होतो, "म्हयन्याभरात रिपोर्ट येतलो गो बाय, काळजी करू नको."
गाडीला वीस मिनिटं आहेत. अजून चपला घातल्या नाहीत.