पेटुनियाचा आवाज

१२ मार्च १९५१, लॉस एंजेलिस

लागली! आमच्या घरमालकीणबाईंची, लव्हिनियाबाईंची, टेलिव्हिजनवर वर्णी लागली!

रेडिओवरचा तो विनोदी कार्यक्रम आता पडद्यावर येतोय. त्यातली काळी मोलकरीण पेटुनिया बाईंनी रंगवायची. वीस वर्षं सारा देश या पेटुनियाला हसतोय. आणि वीस वर्षं तिचा आवाज कुणी काढला? क्रॅबट्री नावाच्या एका गोऱ्या, टकल्या गृहस्थानं! रेडिओवर चेहरा दिसत नाही, खपून गेलं. आता दिसणार – म्हणून खरी काळी बाई हवी.

बाईंचे यजमान एझ्रा रेल्वेच्या झोपायच्या डब्यात नोकरीला. हातातला काटा खाली ठेवून म्हणाले, "मोलकरीण हो, माझी ना नाही. माझी आई मोलकरीणच होती. पण ती या पेटुनियासारखं बोलत नव्हती."

"मग मी कशाला बोलेन? माझ्या आवाजात बोलू देतील तर करीन, नाही तर घरी येईन. प्रोफेसर, तुम्ही साक्षीला!"

मी प्रोफेसर नव्हे, साधा वार्ताहर. एकदा जेवताना संस्कृत श्लोक म्हटला आणि हा हुद्दा चिकटला तो चिकटलाच.

१९ मार्च

तालमीला बाईंबरोबर गेलो. तिथे कोण? साक्षात क्रॅबट्री! पगार देऊन नेमलाय – बाईंना काळ्यांसारखं बोलायला शिकवायला!

"बाई, जरा काळ्या बाईसारखं बोला ना."

"साहेब, शेहेचाळीस वर्षं दुसरं काही केलंच नाही."

तो मनापासून हसला, आणि पुन्हा सुरू! माणूस दुष्ट नाही, हाच तर वैताग. दुष्ट असता तर भांडता आलं असतं. करून दाखवलं त्यानं – डोळे गरागरा, आवाज चिरका, निम्मे शब्द गिळलेले. मराठीत कसं सांगू? शहरी नट खेडूत म्हणून जी बोली काढतात ना, जी कुठल्याच खेड्यात कुणी बोलत नाही – ती!

ह्याच बाईंनी तरुणपणी फिरत्या नाटकमंडळीत राण्या रंगवल्यात. एका उसाशात शेवटची रांग रडवायच्या, असं एझ्रा सांगतात.

२० मार्च

अजून डोकं तापलेलंच आहे. पण फार ताठ मानेनं लिहू नये. आपल्या जुन्या नाटकांतही राजानं संस्कृत बोलायचं आणि दासीनं प्राकृत – नियमच तसा. आम्ही तो घोकला. दासीला विचारलं होतं का कुणी?

२६ मार्च

पुण्याहून संपादकांची फर्माईश : "तिकडच्या काळ्या लोकांच्या गमतीजमती पाठवा, वाचकांना आवडतात." कपाळ!

३ एप्रिल

चित्रीकरण झालं. बाईंना वाक्यं तीनच. दार उघडायचं, पाहुण्याला म्हणायचं, "मालक घरी नाहीत. आपण बसा. मी कॉफी आणते." क्रॅबट्रीच्या प्रतीत 'मालक'वर किंचाळायचं होतं. बाई किंचाळल्या नाहीत. सरळ, शांत बोलल्या – एखाद्या गृहिणीनं बोलावं तशा. दिग्दर्शकानं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

मी मनात म्हटलं, आता हाकलणार!

दिग्दर्शक खांदे उडवून म्हणाला, "असू द्या. तुम्हाला येतं तसं बोला. पुढचं आम्ही बघून घेऊ."

जिंकल्या! परतताना बाई बसमध्ये मोठ्यानं हसत होत्या. मी म्हटलं, "राणीसाहेब, लोक बघताहेत." म्हणाल्या, "बघू देत. तेवढ्यासाठीच तर गेले होते!"

१० मे

लिहवत नाही. तरी लिहितो.

टेलिव्हिजन कोपऱ्यावरच्या क्लीओफस न्हाव्याकडे. सगळी गल्ली तिथे गोळा. त्यानं दाढीची खुर्ची झटकून बाईंना बसवलं : "बसा, आज फुकट दाढी करून देतो!" केवढा हशा!

पडद्यावर दार उघडलं. बाई दिसल्या. टाळ्या! बाईंचे ओठ हलले – आणि आवाज आला क्रॅबट्रीचा.

चिरका. गिळलेला. 'मालक'वर किंचाळलेला. मागाहून बाईंच्या आवाजाच्या जागी त्याचा आवाज चढवून ठेवला होता. पुढचं त्यांनी हे असं बघून घेतलं!

मागं एकजण सवयीनं खो-खो हसला. वीस वर्षांची सवय ती! मग त्यानं जीभ चावली. एझ्रांनी उठून टेलिव्हिजन बंद केला.

११ मे

सकाळी फोन. कार्यक्रमाचा खर्च उचलणारी साबणाची कंपनी. जाहिरातीसाठी पेटुनिया हवी होती. फोन बाईंनीच घेतला.

"बोला, मीच ती."

पलीकडचा इतका हसला की मला जिन्यात ऐकू आलं.

"छे हो बाई, तुम्ही कशा? तिला बोलवा ना!"