प्रशीलचं प्रकरण विचाराधीन

१२ ऑक्टोबर
आज ऐतिहासिक दिवस. हुकूमशाहीविरोधी आंतरराष्ट्रीय मानवाधिकार समिती, धुळे, स्थापन झाली. मुख्य कार्यालय देवपूर, म्हणजे आमचा ओटा. अध्यक्ष मी, सचिव भाईदास, सदस्य बन्सीलाल. तिघंही रिटायर्ड. जगातल्या हुकूमशहांची आता खैर नाही. तेहतीस वर्षं शाळेत हेडक्लार्क होतो, कागदाची ताकद मला माहीत आहे.

१४ ऑक्टोबर, सकाळी ११
जिनिव्हाच्या मानवाधिकार कार्यालयाला ई-मेल केला. दोन मिनिटांत उत्तर! आभारी आहोत, लवकरच संपर्क साधू. आपल्याकडे एवढी तत्परता आहे कुठे? ऋतिकाला पुण्याला फोन करून सांगितलं. म्हणाली, बाबा, ते ऑटोमॅटिक येतं. पोरीला माणसांची पारख नाही.

१६ ऑक्टोबर
मंदाबाई आली. आमच्या शाळेत शिपाई होती, घंटा तीच द्यायची. तिचा प्रशील कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी परदेशी गेला. तिथे उतरल्याबरोबर पासपोर्ट काढून घेतला, कोंडून ठेवलं. बाहेर बंदूकवाले. फोनवरून लोकांना फसवायचं, नाही म्हटलं की मार. पोराने चोरून आईला फोन केला. म्हणाली, नाना, माना पोऱ्या तठे अडकेल शे, सरकारले एक कागद लिखी द्या.
भरून आलं मला. म्हटलं, मंदाबाई, हा साधा अर्ज नाही, आंतरराष्ट्रीय प्रकरण आहे. आधी समितीचा ठराव, मग जावक क्रमांक, मग पत्र. तोवर दुसरीकडे कुठे अर्ज करू नका, गुंतागुंत होते. बरं म्हणाली. शाळेतही माझा शब्द खाली पडू द्यायची नाही.

१९ ऑक्टोबर
पहिली बैठक. विषय एक: परदेशात तुरुंगात असलेल्या एका कवीला सोडावं म्हणून तिथल्या हुकूमशहाला पत्र. मायना काय लिहायचा? भाईदास म्हणाला, 'माननीय' लिहा, तशी पद्धत आहे. बन्सीलाल म्हणाला, मग विरोध कसला? दोन तास गेले. शेवटी 'महोदय'वर तडजोड. विषय दोन, प्रशील. वेळेअभावी पुढच्या बैठकीत. चहा छान झाला होता.

२५ ऑक्टोबर
दिवाळीमुळे क्वोरम नाही. बन्सीलाल दोंडाईच्याला लेकीकडे, भाईदासचा गुडघा. एकट्याने निर्णय घेतला तर माझ्यात आणि हुकूमशहांत फरक काय? ऋतिका फोनवर म्हणाली, बाबा, सरकारचं पोर्टल आहे, मी आत्ता अर्ज भरते, फक्त प्रशीलचा पासपोर्ट नंबर विचारा. विचारला नाही. समितीची काही प्रतिष्ठा असते.
मंदाबाई शेवग्याच्या शेंगा घेऊन आली. अर्धा तास ओट्यावर बसली आणि गेली.

६ नोव्हेंबर
प्रशीलचा पुन्हा फोन आला म्हणे. चार दिवस उपाशी ठेवलं. पण सरकारने तिकडून आपल्या पोरांना सोडवणं सुरू केलं आहे. ज्यांच्या घरच्यांनी अर्ज केले त्यांच्या नावांची यादी झाली. मंदाबाईने विचारलं, नाना, त्यानं नाव गयं ना? मी म्हणालो, प्रकरण विचाराधीन आहे. हे खोटं नाही.

९ नोव्हेंबर
ठराव मंजूर, एकमताने! टाळ्या वाजवल्या, तिघांनीच, पण जोरात. पत्राचा मसुदा साडेचार पानी. पहिली अडीच पानं हुकूमशाहीचा इतिहास. प्रशील चौथ्या पानावर येतो. लेटरहेड छापायला दिलं आहे. साध्या कागदावर जगाशी बोलणं बरं दिसत नाही.

१८ नोव्हेंबर
पेपरात बातमी. चाळीस पोरं सुटून आली, एक बोदवडचा. त्याच्या आईने वहीच्या पानावर अर्ज दिला होता म्हणे. ना विषय, ना संदर्भ. पद्धत साफ चुकीची, पण पोरगा आला. पेपर घडी करून गादीखाली ठेवला. मंदाबाई तशी पेपर वाचत नाही.

१९ नोव्हेंबर
लेटरहेड आलं. देखणं आहे. उद्या टाईप करतो.

२० नोव्हेंबर
सर्दी. उद्या नक्की.

२२ नोव्हेंबर, सकाळी १०
टाईप करायला बसलो. पासपोर्ट नंबरसाठी मंदाबाईला निरोप पाठवला. ती आली नाही. तिच्या शेजारची सुनंदाबाई आली. प्रशील तिसऱ्या मजल्यावरून उतरून पळायला गेला. हात सुटला. त्याच्याबरोबरच्या पोराने काल कळवलं. गेला.
भाईदासला फोन केला. म्हणाला, शोकप्रस्ताव घ्यावा लागेल, बैठक कधी लावायची? मी फोन ठेवून दिला.

२३ नोव्हेंबर
मला काही लिहवत नाही. माझं चुकलं.

२४ नोव्हेंबर
मंदाबाई आली. मी वर बघितलं नाही. म्हणाली, नाना, आते त्याले घर आणानं शे. एक कागद लिखी द्या.
पिशवीतून पासपोर्टची झेरॉक्स काढून दिली. घडीवर फाटली होती. रोज जवळ बाळगत होती म्हणे, मी कधी मागेन म्हणून.
हाताला लागला तो कागद घेतला. नाव, गाव, पासपोर्ट नंबर, चार ओळींची विनंती, खाली तिची सही. फोटो काढून ऋतिकाला पाठवला. तिने लगेच पोर्टलवर भरला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.
मंदाबाई कागदाकडे बघत राहिली. मग विचारलं, इतलंच व्हतं का, नाना?
मी हो म्हणालो.