आधी पाय, मग समुद्र

श्रीमान थोरले साडूभाऊ यांच्या चरणी धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हे लिहिण्यापुरतं. कंबरेत उसण भरल्यापासून आठांपैकी चारपाचच अंगं जमिनीला टेकतात, बाकीची मनातल्या मनात टेकवली आहेत.) ‘चरणी’ मात्र अगदी मनापासून लिहिलं आहे. नोकरीतून सुटून तुम्ही त्या नारळांच्या आणि समुद्राच्या देशात कायमचे राहायला गेलात, तेव्हापासून आम्हाला तुमचं जे दर्शन घडतं ते चरणांचंच. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ताईंचे गुडघे काय म्हणतात? धाकट्या बहिणीने विचारलंय म्हणून सांगा. तुमची तब्येत विचारत नाही. ती ठणठणीत आहे, हे आम्हाला सकाळ-संध्याकाळ फोटोने कळवलं जातं.

फोन असताना कागद का काळा करतोय, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण, माझा फोन आमची ही बघते. (तिचा मी बघत नाही. तो मला उघडता येत नाही.) आणि या पत्राच्या शेवटी एक विनंती आहे, ती तिच्या नजरेला पडू नये अशी इच्छा आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचा. तुमच्याकडे सध्या वेळच वेळ आहे, असं ऐकतो.

आता फोटोंबद्दल. प्रत्येक फोटोत आधी तुमचे पाय, मग वाळू, मग समुद्र. पाय आरामात पसरलेले आणि अंगठे आभाळाकडे. मी त्या पायांचा इतका अभ्यास केलाय, की शंभर माणसं तोंडावर पांघरूण घेऊन ओळीने झोपवली तरी तुम्हाला हुडकून काढीन. उजव्या पायाचा अंगठा फावड्यासारखा. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. (स्वतःची जागा असताना दुसऱ्याच्या जागेवर बसायचं, ही तुमची खोड पार पायापर्यंत उतरलेली आहे.) ही म्हणते, “अहो, समुद्र बघा ना किती निळा आहे!” मला समुद्र दिसतच नाही, मध्ये पाय येतात. आणि अलीकडे तर तुमची मिजास इतकी वाढली आहे, की दोन्ही पाय दाखवायचाही कंटाळा. एकटा उजवा पुढे, डावा टॉवेलखाली. एका पायानेसुद्धा साडूला जाळता येतं, हे दाखवायचं असेल. येतं हो, साडूभाऊ. मी जळतो. लपवण्यात काही अर्थ नाही.

तशी ही आग आजची नाही. सासुरवाडीत तुम्ही मोठे जावई, मी धाकटा. खुर्ची एकच असली की ती तुम्हाला आणि मला स्टूल, तेही डुगडुगणारं. तुमची नोकरी वजनमापं तपासायची, डोक्यावर पंखा आणि संध्याकाळ झाली की टेबल मोकळं. माझी नोकरी शीतगृहात. बटाटे, सफरचंदं आणि मटार यांना थंडी वाजत राहते आहे ना, हे बघण्यात माझा उभा जन्म गेला. भर उन्हाळ्यात जग घामाघूम होऊन हिंडत असतं, तेव्हा मी स्वेटर आणि कानटोपी घालून घरातून निघतो आणि शेजाऱ्यांची मुलं खिडकीत येऊन बघतात. ‘गारठोबा’ हे नाव तुम्हीच ठेवलंत आणि ते सासुरवाडीपासून आमच्या मालकांपर्यंत पोचवलंत तेही तुम्हीच. (केसांबद्दल मी काही बोलत नाही. तुमचे आहेत. असू देत.) जगात न्याय नावाची चीज असती, तर उष्ण देशात जाऊन पडायचा पहिला मान माझा होता.

म्हणून मीही ठरवलं. माझ्या निवृत्तीला आता फार दिवस उरलेले नाहीत. तुमच्याच किनाऱ्यावर, पण तुमच्या पुढे, म्हणजे तुम्ही आणि समुद्र यांच्या मध्ये एक लहानसं घर घ्यायचं. (मग तुमच्या फोटोत समुद्राच्या जागी माझे पाय आले असते.) हिला इतक्यात बोललो नाही. आधी अंगाला सवय करावी म्हटलं. ग्यालरीत झोळी बांधली, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं कपड्यांच्या दोरीच्या हुकाला. गज टिकला. वर सांगितलेली उसण ती तिथली. हिला सांगितलं, कामावर पोतं उचलताना भरली, आणि तिने शेकायला पिशवी दिली म्हणून मला फार अपराधी वाटलं, पण शेकून घेतलं.

खरी अडचण मात्र उकाड्याची होती. मला उकाडा सोसतच नाही. चहा जरा जास्त गरम असला तरी माझ्या टाळूला घाम फुटतो (आणि तिथे तो अडवायला काही नाही). तुमच्याकडे येऊन पहिल्याच दिवशी भोवळ आली असती, आणि तुम्ही माझ्या पायांचा फोटो काढला असतात. तेव्हा आठवलं, की आमच्या शीतगृहात मागच्या अंगाला केळी पिकवायची खोली आहे. हिरवी केळी येतात, त्यांना बंद खोलीत पिकवायचा वायू, थोडी ऊब आणि थोडा दमटपणा बेताबेताने द्यायचा, की चार दिवसांत सगळी एका रंगाची पिवळी होऊन बाहेर पडतात. अख्ख्या इमारतीत ऊब म्हणून तेवढीच. म्हटलं, देवाने आपला परदेश आपल्या गोदामात आणून ठेवलाय आणि आपण बटाट्यांत बसलोय!

जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जाऊ लागलो. वायूचं काम उरकून तो खोलीबाहेर सोडून दिला की आत घडीची खुर्ची टाकायची, अंगात फुलाफुलांची अर्धी चड्डी, डोळ्यांवर काळा चष्मा, समोरच्या भिंतीला जुन्या कॅलेंडरातलं समुद्राचं पान, आणि पाय क्रेटवर. ताई फोनवर हिला तिथल्या उकाड्याचा आकडा सांगत, तो ऐकून मी खोलीचा काटा रोज थोडा वर चढवी. (तुमच्या मागे राहणं मला सोसत नाही, मग ते घामात का असेना.) खरं सांगू? सुख वाटलं. डोळे मिटले की केळीच्या बागेत असल्यासारखा वास येई. एकदा पायांचा फोटोही काढला. पुढे पाय, मागे केळी. तुम्हाला पाठवला नाही, कारण तुम्ही क्रेटवरचं शीतगृहाचं नाव वाचलं असतंत.

आता शीतगृहात जन्म काढलेल्या माणसाच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते, ती म्हणजे दार. बाहेर पडलं की दार लावायचं, हँडल ओढून बघायचं, मग रबराच्या कडेवरून हात फिरवून कुठे हवा सुटत नाही ना याची खात्री करायची. शनिवारी मी त्या खोलीचं दार असं काही लावलं, की बघणाऱ्याने शाबासकी द्यावी. फक्त चढवलेला काटा खाली आणायचा राहिला. जन्मभर मी दारामागे थंडी कोंडली. दार नीट लागलं की सगळं नीट, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. ऊब कोंडली तर काय होतं, हे कळायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती. मध्ये रविवारची सुट्टी पडली.

सोमवारी वास फाटकापर्यंत आला होता. केळी पिवळी होऊन, तो मुक्काम मागे टाकून, पार पुढे निघून गेली होती. फणी उचलावी तर देठ हातात आणि केळी बुटावर. मालक आले. त्यांनी केळ्यांकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, समुद्राच्या पानाकडे बराच वेळ बघितलं, आणि शेवटी क्रेटवर राहिलेली माझी चड्डी दोन बोटांत धरून वर केली. ही कुणाची, असं त्यांनी विचारलं. आमचा कॉम्प्रेसरवाला छताकडे बघत म्हणाला, या घेराचा माणूस आपल्याकडे एकच आहे. मग मी पुढे झालो. मालक म्हणाले, “गारठोबा, तुम्हाला परदेशी जायचं तर खुशाल जा हो. माझी केळी कशाला पुढे धाडलीत?” नोकरी राहिली, पण त्यांनी तो सगळा माल टेम्पोत भरून माझ्याबरोबर घरी पाठवला.

आमच्या पुढच्या खोलीत हिचा शिवणाचा क्लास चालतो, हे तुम्हाला माहीत आहेच. तिथे मशिनींवर, कापायच्या टेबलावर, जिन्याच्या पायऱ्यांवर केळीच केळी. मुली हसून हसून लोळायला आल्या. हिने त्यांना पिशव्या भरभरून देऊन घरी पाठवलं, आणि मग माझ्यासमोर बसली. मी सगळं सांगितलं. झोळीसुद्धा. ती आधी हसली (खूप हसली, तेवढं व्हायची गरज नव्हती), आणि मग शांतपणे विचारू लागली, त्या घरात स्वयंपाक कोण करणार, कपडे कोण वाळत घालणार, आणि क्लासच्या मुलींचं काय. मी म्हटलं, अगं, आपण दोघं रिटायर झालेलो असू. त्यावर ती म्हणाली, “मी कशातून रिटायर होणार ते आधी सांगा, मग देश शोधू.”

  “तुम्ही जा की एकटे, पायांचे फोटो पाठवा,” असंही ती म्हणाली. तेव्हा आम्ही येत नाही, साडूभाऊ. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते केळ्यांच्या वासाने आलं असं मी सांगितलं. पण तिचं काही चुकलं नाही. क्लासमध्ये तिची मशीन चालू असते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असतं, ते माझ्या चेहऱ्यावर त्या केळ्यांच्या खोलीतसुद्धा आलं नव्हतं. समुद्र तुम्हाला लखलाभ. ताईंना आमचा दोघांचा नमस्कार सांगावा.

तुमचाच, स्टुलावरचा साडू,
गारठोबा

ता. क. – आता ती विनंती. जायचं नाही हे ठरलंय, पण फोटो येतच राहणार आणि मी जळतच राहणार. असं किती दिवस चालेल? तेव्हा कृपा करून हिच्या नावाने एक लांबलचक पत्र लिहा आणि त्यात त्या देशाची मन भरून निंदा करा. डास, साप, गळकं छप्पर, खाऱ्या वाऱ्याने गंजलेली कुलपं, काय वाटेल ते. खोटं असलं तरी चालेल. मी ते तिच्याकडून मोठ्याने वाचून घेईन आणि मग सुखाने बटाट्यांत जाईन.

ता. क. २ – चड्डी मालकांनी परत दिलेली नाही. ऑफिसात खुंटीला टांगून ठेवली आहे, नव्या माणसांना दाखवायला.

ता. क. ३ – पाकीट बंद करायच्या आधी सगळे फोटो पुन्हा बघितले. (हिच्या फोनवर. तो मला उघडता येतो, वर खोटं लिहिलं.) टॉवेलची मिजास कधी सुरू झाली ते बघायला मागे मागे गेलो. साडूभाऊ, टॉवेलच्या लगेच आधीच्या फोटोंत तुमच्या डाव्या घोट्याचं हाड दिसत नाही. ते हाड मी चांगलं ओळखतो. करंगळीही शेजारच्या बोटावर चढलेली नाही, फुगून बाजूला पडली आहे. पाय सुजलाय. समुद्राच्या नादात कुणाला दिसलं नसेल, पण मी समुद्र कधी बघितलाच नाही. ताईंना तुम्ही सांगितलं नसणार, म्हणून टॉवेल. आजच्या आज डॉक्टरला दाखवा. वरची विनंती रद्द समजा, मला खोट्या तक्रारी नकोत. पत्र पोचायला वेळ लागेल, म्हणून या शेवटच्या पानाचा फोटो आत्ताच पाठवतो. हिने बघितला तर बघू दे. कागद गुडघ्यावर धरलाय, त्यामुळे खाली माझे पाय आले आहेत, तिकडे लक्ष देऊ नका. बघितल्याबरोबर डाव्या पायाचा फोटो पाठवा. समुद्र नसला तरी चालेल.