सर्जाचा पुतळा

बोरी बुद्रुक, ५ सप्टेंबर २०२५

चि. आरोहीस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील, पण फोन तुझ्या काकांच्या खिशात असतो आणि गाऱ्हाणे त्यांच्याबद्दलच आहे. आपल्या सर्जाने बैलगाड्याच्या शर्यती गाजवल्या, म्हणून वेशीवर त्याचा फायबरचा पुतळा बसतोय. समितीचे अध्यक्ष काका. पुतळ्याला छप्पर, फरशी, दिवे; सर्जाचा गोठा मात्र गळतोय. आपल्याकडच्या भाद्रपदी पोळ्याला अनावरण, आणि त्यानंतरच्या बाजारात सर्जाला विकायचे ठरले आहे. आता पळत न्हाई, नुसता खातो, म्हणतात. पुतळा झाल्यावर जित्याचं काय काम ऱ्हायलं, असे वर मलाच विचारतात.

वासरू असल्यापासून मी त्याला चारले आहे गं. जीव तुटतो माझा. तू पुण्यात मूर्तींचाच अभ्यास करतेस. काकांच्या डोक्यात शिरेल असे तुझ्या पुस्तकांत काही असेल तर कळव. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ठकूकाकू

पुणे, ११ सप्टेंबर

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

पुस्तकातले सांगून काकांना पटत असते, तर माझ्यासाठी स्थळे बघणे त्यांनी केव्हाच थांबवले असते. तरी ऐक. सिंधूकाठच्या जुन्या मुद्रांवर वशिंडाचा बैल आहे, महादेवापुढे नंदी आहे. इजिप्तमध्ये तर नुसत्या मूर्तीवर भागत नसे. कपाळावर पांढरी खूण असलेला काळा बैल शोधायचे, त्या जिवंत बैलालाच देव मानून मरेपर्यंत सांभाळायचे, आणि मेला की राजासारखे पुरायचे. आपला सर्जाही काळाच, आणि कपाळावर चांद. बघ काही जमते का.

माझ्या वाटची पुरणपोळी त्याला घाल. माया आहेच, ती वाढू दे.

तुझी,
आरोही

बोरी बुद्रुक, २३ सप्टेंबर

चि. आरोहीस,
अनेक आशीर्वाद.

अनावरणाला आमदारकीची हौस असलेले पाहुणे होते. फ्लेक्सवर काकांचा फोटो सर्जाहून मोठा. मी झूल घालून सर्जाला थेट मांडवात नेले आणि पाहुण्यांना सांगितले, की असा चांदाचा बैल इजिप्तचे राजे मरेपर्यंत सांभाळायचे, आमचे हेही सांभाळणार आहेत. तेवढ्यात सर्जाने पुतळ्याच्या गळ्यातला हार ओढून खाल्ला. लोकांनी हात जोडले. पाहुण्यांनी काकांना शाल घातली. शाल अंगावर असताना बैल विकतो असे कोण म्हणेल? सर्जा शेवटपर्यंत माझ्याच दावणीला, असे काका माईकवर म्हणाले. मला रडू आवरले नाही. काल गोठ्यावर नवे पत्रे पडले.

फक्त एक अडचण आहे. काका आता विचारतात, तिकडं राजाचा पुतळा बैलाच्या उजवीकडं बसवायचे का डावीकडं. लवकर कळव, फायबरवाला त्यांचे माप घेऊन गेला आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
ठकूकाकू