दादाच्या मशीनमध्ये न बसलेली कॅसेट

रविवार, संध्याकाळ. उस्मानपुरा.

दादानं अमेरिकेहून जुनं गेमचं मशीन आणलं. माझी लहानपणीची कॅसेट त्यात बसेचना. फुंकर मारून पाहिली, तरी नाय. "डुप्लिकेट आहे तुझी, फेकून दे," म्हणाला.

का फेकू? त्याच्या अमेरिकन मशीनची खाच रुंद. आपल्याकडं मिळायच्या त्या कॅसेटी जपानी मापाच्या, अरुंद, त्यात घट्ट बसतच नाहीत. माप वेगळं म्हणजे खोटं व्हय? लई राग आला.

माळ्यावरचं आमचं जुनं मशीन काढलं. तीच कॅसेट, तीच फुंकर. चालली की!

दादा दुसरा रिमोट घेऊन शेजारी बसला. लहानपणी मी रडेन म्हणून तो मुद्दाम हरायचा. आज मी त्याला एकदाही जिंकू दिलं नाही.