आठ वाजले, पुणे

प्रिय कामरान,

पत्र बघून हसशील. नववीत दोनदा बसलेला माणूस मी, बँकेचा अर्जसुद्धा दुसऱ्याकडून भरून घेतो. तुला व्हॉइस मेसेज केला असता, पण माणसाचा आवाज साठवून ठेवायचा आता मला धसका बसलाय. म्हणून लिहितोय. इथे ओमानला आमच्या साईटवर इमारतींना पाइपांच्या परांच्या बांधायचं काम असतं. चाळीस माणसांत मराठी मी एकटा, त्यामुळे कोणी वाचेल ही भीती नाही.

तुझा मेसेज मिळाला. एकतीस तारखेला ठिणगी एफएम बंद, पहिल्या तारखेपासून त्याच नंबरावर दुसऱ्यांची हिंदी गाणी. स्टेशन जाणार हे मी केव्हाच ओळखलं होतं. आधी सकाळी तासभर भक्तिगीतं घुसली, मग दुपारी सिनेमाची गाणी, मग एकेक जॉकी घरी. शेवटी तू आणि संगणक. मालकाचा पोरगा परदेशातून गिटार घेऊन आला आणि बिल्डर बापाने त्याला खेळायला स्टेशन काढून दिलं, त्याचं दुसरं काय होणार होतं? पण काय दिवस होते रे. बिबवेवाडीत फरशीच्या दुकानावरचा तो मजला. सकाळी सकाळी पुण्याच्या कानात ड्रम, आणि मध्येच पैठणीची जाहिरात. नारायण पेठेतल्या लोणचेवाल्या काकांनी फोन करून विचारलं होतं, बिघाड तुमच्या गाण्यात आहे की आमच्या रेडिओत. तरी जाहिरात त्यांनी बंद केली नाही, कारण आमचा संतोषदादा माइकवर त्यांच्या लिंबाच्या लोणच्याबद्दल बोलायला लागला की गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

त्या गाण्यांतलं इंग्रजी मला कधी अक्षर कळलं नाही. पण गणपतीत ताशा मीही बडवलाय, तेवढं पुरायचं. आईला तर तो सगळा गोंगाटच. ती थांबायची ते दादासाठी, दर तासाला तो वेळ सांगायचा त्यासाठी. 'आठ वाजले, पुणे. चहा झाला असेल तर आता जागे व्हा.' 'अकरा वाजले. मगरपट्ट्याचा सिग्नल ज्यांना सुटला त्यांचं अभिनंदन.' हे सगळे तास दादाने एका दुपारी बसून रेकॉर्ड केलेत आणि संगणक घड्याळ बघून त्यातला एकेक लावतो, हे तू मला दाखवलंस. आईला कोण सांगणार? तिला वाटायचं पोरगं दिवसभर भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून बसलेलं असतं. रात्री तो आला की मान दुखत असेल म्हणून तेल चोळायला बसायची. दादा मुकाट्याने चोळून घ्यायचा. एकदा मी सांगायला गेलो तर त्याने माझ्या पायावर पाय दिला.

त्या सकाळचं तू आणि मी कधी बोललो नाही. दादा शोला निघाला आणि रामटेकडीच्या पुढे टँकरखाली आला. त्याच्या जोडीने शो करणाऱ्या कल्याणीला काय माहीत? तिने शो सुरू केला आणि त्याची खेचली, संत्या अजून अंथरुणात दिसतोय, हडपसरकरांनो जरा दार वाजवा. आई ओट्याशी ऐकत होती, हसली. तेवढ्यात खरंच दार वाजलं. पोलीस होता.

आणि मग तुमचा मॅनेजर. दिवाळीच्या जाहिराती चालू होत्या. सकाळच्या वेळेला मयताची बातमी दिली तर लोक स्टेशन बदलतील, म्हणाला. कल्याणीच्या हातात कागद दिला आणि तिने वाचला, संतोष काही दिवस सुट्टीवर आहे. 'सुट्टीवर'ला तिचा आवाज फाटला आणि तू वरून गाणं चढवलंस. पुढे कोणी काहीच सांगितलं नाही. दादा आजपर्यंत सुट्टीवरच आहे.

वेळेचे ते तुकडे काढायचे कोणाच्या डोक्यात आलं नाही, की तूच काढू दिले नाहीस, मला माहीत नाही. दादाला घरातून नेलं तेव्हा आई रडली होती, सगळी गल्ली रडली होती. पण तेराव्याला पंगत बसली आणि आतल्या खोलीतून दादा बोलला, एक वाजला म्हणून. लोकांचे घास हातात राहिले. आईने उठून एक पान जास्तीचं वाढलं. सोजरबाई काकी तिला जवळ घेऊन समजावायला लागली, तर आई शांतपणे म्हणाली, "तुमाला काय कळतंय? रेडिओवर सांगितलंय की, सुट्टीवर हाय म्हणून." आणि खरं ना म्हणून माझ्याकडे बघितलं, तर मी भात वाढायला उठलो.

तेव्हापासून ती रडलेली नाही. त्याच्या आवाजावर कुकर लावते, त्याच्या आवाजावर जेवते. मला ते घर सोसेना. आधी सुरत, मग मुंद्रा, मग इथे. माझं कुठेच बूड टिकत नाही म्हणून तू शिव्या घालतोस, घाल. पण सांगतो, इथे साडेसहा वाजतात तेव्हा मी परांचीवर चढायच्या आधी मोबाईलवर ठिणगी लावतो. आठ वाजले, पुणे. तेवढं ऐकतो आणि बंद करतो. म्हणजे आईला वेडी म्हणायचा मलाही हक्क नाही.

आता तू लिहितोस, सगळे तास पेनड्राइव्हमध्ये भरून आईला नेऊन देतो. तुझं मन मला कळतं, भावा. पण देऊ नकोस. रेडिओवर दादा आत्ता वाजले तेवढेच सांगतो, म्हणून तिच्यासाठी तो आहे. पेनड्राइव्हमध्ये तो भर दुपारी आठ वाजवेल, संध्याकाळी अकरा. मग त्याचं काय झालं ते तिला कळेल, आणि तेही एकटीने, हातात बटण धरून. आणि काहीच दिलं नाहीस तर पहिल्या तारखेला आठला कुठलंतरी हिंदी गाणं लागेल आणि ती वाट बघत बसेल. सुट्टी वाढली म्हणेल. मरेपर्यंत म्हणत राहील.

म्हणून हे लिहिलं. आई आमचं कोणाचं ऐकत नाही, रेडिओचं ऐकते. एकतीसला सकाळी आठच्या आधी संगणक थांबव, माइक उघड आणि तुझ्या तोंडाने सांग. मॅनेजर ओरडेल, ओरडू दे, दुसऱ्या दिवशी त्याचंही स्टेशन नाही. गाणं लावू नकोस, आठवणी सांगू नकोस. हडपसरचा संतोष, दुर्गाबाईंचा मुलगा, ठिणगीवर वेळ सांगायचा, तो अपघातात मेला, एवढंच सांग. 'गेला' म्हणू नकोस. गेलेल्याची ती वाट बघते. ठेकेदार रजा देत नाही, मी काम सोडलंय. तीसला घरी पोचतोय. तू बोलशील तेव्हा मी आईच्या शेजारी ओट्यापाशी असेन. ती माझ्याकडे बघेल, खरं का म्हणून विचारेल. या वेळी मी हो म्हणेन.

तुझाच,
साईनाथ